जित्याचा म्हाळ

“पाहुणं कुठलं म्हणायचं?” असं कुणी विचारलं की मिस्त्री हातातली तांब्याची तार दातात धरायचा, दोन्ही हात चिंधीला पुसायचा, मग तार काढून म्हणायचा, “हितलाच हाय. वाइंडिंग जरा जास्त जळालंय, एवढंच.”

विचारणारा हसायचा. मिस्त्री परत मोटारीत डोकं घालायचा.

तुम्ही इंदापुरात कधी जळालेली मोटार भरायला आणली असेल, तर तुम्हीही त्याला हे विचारलं असणार. वाईट वाटून घेऊ नका, सगळेच विचारतात. आपल्याकडे पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि गाव विचारायचं, ही रीतच आहे. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की कुणाचा तरी साडू नाहीतर मेव्हणा निघतो, आणि मग चहा येतो. मिस्त्रीपाशी ही गाडी पहिल्याच थांब्यावर बंद पडायची. काळे तर आपण सगळेच आहोत, उन्हातली माणसं. पण ह्याचा काळा वेगळा. केस बारीक कुरळे, डोक्याला घट्ट धरून बसलेले, कंगवा आत गेला तर अडकून राहावा. उंची अशी की शटर पूर्ण वर गेलं तरी तो सवयीनं मान वाकवायचा. नवीन गिऱ्हाईक त्याच्याशी आधी हिंदी बोलायचं, मग जमेल तसं इंग्रजी, आणि मिस्त्री ऐकून घ्यायचा सगळं आणि म्हणायचा, “तात्या, मराठीत सांगा की. दोन फेजवर चालवली का न्हाय मोटार? खरं बोला.”

माझं दुकान त्याच्या शेजारी. गादी कारखाना. कारखाना कसला, मी आणि एक पिंजायचं यंत्र. आम्ही पिंजारी, कापूस पिंजण्यात आमच्या पिढ्या गेल्या. आता लोक फोमच्या गाद्या घेतात आणि पाठ दुखते म्हणून माझ्याकडे येऊन सांगतात. मी म्हणतो, झोपा फोमवर. तर सांगायचं काय, मला रिकामा वेळ पुष्कळ होता, आणि मिस्त्रीचं दुकान समोर नसलं तरी बाजूला होतं. वॉर्निशचा जळका वास दिवसभर माझ्या कापसात शिरायचा. वास आला नाही त्या दिवशी मला चुकल्यासारखं व्हायचं.

तो मला चाचा म्हणायचा. बाकीचे मला भाई म्हणतात.

त्याची गोष्ट मला त्याच्या मामाकडून कळली. मामा कोऱ्हाळे बुद्रुकचे, उसाचे बागायतदार, सगळे त्यांना आबा म्हणतात. महिन्यातून एकदा भाच्याकडे यायचे आणि भाचा कामात असला की माझ्या गादीवर बसायचे. त्यांची धाकटी बहीण पुण्यात नर्सिंग शिकायला गेली. तिथं सुदानचा एक पोरगा शेतकी शिकायला आलेला होता, उस्मान नावाचा. दोघांनी लग्न केलं. घरच्यांना कळलं तेव्हा पोटात हा होता. हा जन्मला, पुढं उस्मान आपल्या आजारी बापाला बघायला मायदेशी गेला, तेव्हा बहीण पोराला घेऊन माहेरी आली, आणि तो तिकडेच अपघातात वारला. बहीण माहेरीच राहिली. बारामतीत एका दवाखान्यात नोकरी केली तिनं जन्मभर, आणि पोर कोऱ्हाळ्यात मामाच्या वाफ्यात वाढलं.

“पोटच्या पोरासारखा वाढवलाय भाई,” आबा म्हणायचे. आणि ते खरंच होतं. मी ते कधी खोटं म्हणणार नाही.

मिस्त्री स्वतः फार कमी बोलायचा. एकदा गणपतीत समोरच्या मंडळाचं नाटक चाललं होतं तेव्हा म्हणाला, “चाचा, शाळेत मला दरवर्षी राक्षस करायचे. एकदा म्हनलं, गुरुजी, औंदा मला राम करा. गुरुजी म्हनले, बाळा, तुला रंगवायला पावडर पुरायची न्हाय.” एवढं सांगून तो हसला. मी पण हसलो. घरी येऊन बायकोला, म्हणजे त्याच्या चाचीला, सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, “त्या मास्तरची जीभ झडली नाही का?” बायकांना काही गोष्टी आपल्या आधी कळतात.

आता त्याची पोरगी बारामतीला कॉलेजात आहे. तिचे केस बापासारखेच. तिला मैत्रिणी विचारतात, कुठल्या पार्लरला कुरळे करून घेतलेस? काळ बदलतो म्हणतात तो असा बदलतो.

त्याची आई वारली त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. पितृपंधरवडा चालू होता. मिस्त्री माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला, तार दातात धरायला काही नव्हती म्हणून नखं खात राहिला.

“चाचा, सर्वपित्रीला माझ्याकडं जेवायला यायचं.”

“येतो की. काय विशेष?”

“म्हाळ हाय. बाबांचा. इतकी वर्सं मामा घालायचं कोऱ्हाळ्याला. त्येंची तिथी म्हाईत न्हाय म्हनून अमावस्येला. आता आई न्हाय, तर मी हितं घालनार.” मग म्हणाला, “तुमी नुसतं जेवायला न्हाय. पितर म्हनून बसायचं.”

तुम्हाला ठाऊक असेल, म्हाळाला पितर म्हणून कुणाला तरी बसवतात. भावकीतला, वयानं मोठा माणूस. त्याच्या पानात वाढलेलं वरच्याला पोचतं. मिस्त्रीला भावकीच नव्हती. आईकडची होती, बापाकडून एक माणूस नाही. पंगतीत बापाच्या जागी कुणाला बसवायचं म्हणून त्यानं किती दिवस विचार केला असेल कोण जाणे, आणि त्याला सापडला कोण, तर मी.

मी म्हणालो, “अरे मर्दा, मी जित्ता हाय अजून!”

“तसं न्हवं. बाबा मुसलमान होतं. मग तुमीच जवळचं की.”

आता ह्याला काय बोलायचं? कुठं सुदान आणि कुठं इंदापूर! आमचं मूळ गाव कुठलं असं विचारलं की आमचे आजोबा कबरस्तानाकडे बोट दाखवायचे. त्याच्या पलीकडचं गाव आम्हाला माहीत नाही. पण तो असा उभा होता की नाही म्हणवलं नाही.

घरी चाची म्हणाली, “या अल्ला! मुर्द्याच्या नावाचं जेवायला चाललात?”

“शेजारी म्हणून चाललोय.”

“मग पोटभर जेवा. अर्धवट जेवून त्याच्या बापाला उपाशी ठेवू नका.”

गेलो. मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी, केळीचं पान. तांदळाची खीर, कढी, उडदाचे वडे, भजी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. मिस्त्री धोतर नेसला होता आणि ते त्याला पोटरीपर्यंतच येत होतं. निखाऱ्यावर घास सोडला, एक घास पत्र्यावर ठेवला. मग गंधाची वाटी घेऊन माझ्यासमोर बसला आणि त्याचा हात मधेच थांबला. माझ्या कपाळाकडं बघत राहिला. मला चाललं असतं. पण तो उठला, फळीवरून एक अत्तराची छोटी कुपी आणली आणि माझ्या मनगटाला अत्तर लावलं. ते त्यानं आधीच आणून ठेवलं होतं, म्हणजे त्याचा हात थांबणार हे त्याला माहीत होतं. मग त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, “बाबा, जेवा.”

पत्र्यावर कावळा लगेच आला. आबा म्हणाले, “बघा, दाजी तृप्त हायत. दरसाल असाच झट्‌दिशी येतो.” सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून दर सर्वपित्रीला मी मिस्त्रीचा बाप व्हायचो. कुपी तीच. लोकांनी थट्टा केली, भाईंना आता जानवं घाला म्हणाले. मी ऐकून घेतलं. वर्षातून एकदा कुणीतरी आपल्याला बाबा म्हणतंय, आम्हाला मूल नाही, चाचीनं पण पुढे पुढे त्या दिवशी माझा सदरा इस्त्री करून ठेवायला सुरुवात केली.

आणि मग ते वर्ष आलं. आबांचं त्याआधी मोठं ऑपरेशन झालं होतं. अंगातला माणूस निम्मा राहिला होता. तरी म्हाळाला आले, भिंतीला टेकून बसले. अत्तर लागलं, पायावर डोकं झालं, कावळा येऊन घास घेऊन गेला. मी वडा मोडून तोंडात घातला, तोच आबा म्हणाले, “बास कर पोरा आता.”

मिस्त्री म्हणाला, “काय झालं मामा?”

“जित्या मान्साला किती वर्सं जेवू घालशील?”

माझ्या तोंडातला वडा तसाच राहिला. गिळावा की थुंकावा, कळेना.

आबा खाली बघून बोलत होते. “मेला न्हवता त्यो. आला होता. तुला अन् तुझ्या आईला न्यायला आला होता, बारामतीच्या स्टँडवर. मलाच पयला घावला. मी म्हनलं, तिचं दुसरं लगीन लावून दिलंय. परत लावला त्याला पुन्याच्या गाडीत बसवून. घरी येऊन सांगितलं, तार आली, मेला म्हनून. घरात लग्नाच्या दोन पोरी होत्या रं. भावकी दारात उभी होती. टाकलेली म्हनून मिरवन्यापरीस रांडाव झाली तर लोक गप बसत्याल, आसं वाटलं. अन् लोकांना पटावं म्हनून म्हाळ घालाय लागलो. तुझ्या आईनं कुकू पुसलं त्या दिवशी मी उसात जाऊन बसलो.”

“आईला म्हाईत होतं?”

“न्हाय. तिनं खराच मेला म्हनून घास ठेवला जल्मभर.”

मिस्त्री उठला, धोतराचा सोगा सावरला आणि बाहेर गेला. दुकानात जाऊन बसला असेल. त्याची बायको वाढायचं भांडं घेऊन तशीच उभी. मला ते पान टाकवेना आणि खाववेना. माझ्या मनात आलं ते सांगतो, हसू नका: आपण इतकी वर्षं कुणाचं जेवलो? आणि तो कावळा दरसाल कशाला येत होता मेला?

पुढे बरेच दिवस मिस्त्रीच्या दुकानातून हातोडीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा यायचा. जळालेली तार मोटारीतून ओढून काढताना तो दात ओठ खायचा. मामाचा फोन घ्यायचा नाही. कुणी गाव विचारलं तर “हितलाच हाय” सुद्धा म्हणायचा नाही. मी दोनदा चहा पाठवला, दोन्ही वेळा गार होऊन परत आला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः घेऊन गेलो आणि म्हणालो, “पी नाहीतर डोक्यावर ओततो.” तो प्यायला. मग म्हणाला, “चाचा, तुमाला अरबी येती ना?”

“नमाजापुरती येते. वाचता येतं, कळत काही नाही.”

“म्हंजे माझ्या इंग्रजीसारखं.”

“तसंच.”

माझ्या पुतण्याचं पुण्यात कोंढव्याला किराणा दुकान आहे आणि तिकडे परदेशी पोरं-पोरी शिकायला राहतात. आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. पुतण्यानं एका सुदानी मुलीची गाठ घालून दिली, औषधांचं शिक्षण घेत होती, डोक्यावर रुमाल, हिंदी आपल्यापेक्षा बरं. तिनं मिस्त्रीला पाहिलं आणि सरळ तिच्या भाषेत बोलायला लागली. मिस्त्री ऐकत राहिला. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला बघून आपल्यातलं समजलं होतं, आणि त्याला एक शब्द कळत नव्हता. शेवटी तो म्हणाला, “ताई, मला येत न्हाय ओ.” ती पोरगी इतकी ओशाळली की मलाच कसंतरी झालं.

तिनं विचारलं, वडिलांचं पूर्ण नाव काय? आमच्याकडे आपलं नाव, मग बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं, अशी ओळीनं नावं असतात. मिस्त्री म्हणाला, “उस्मान.” ती म्हणाली, आमच्याकडे उस्मान शोधणं म्हणजे तुमच्याकडे पाटील शोधणं. मग तिनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, तुमचाच फोटो टाकू. नावापेक्षा चेहरा लवकर ओळखू येतो.

गंमत बघा. ज्या तोंडापायी जन्मभर लोकांनी त्याला गाव विचारलं, तेच तोंड आता गाव शोधायला निघालं. फोटो काढताना मिस्त्रीनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि केसांवरून पाण्याचा हात फिरवला. त्या पोरीनं, पुण्यात शेतकी शिकून गेलेल्या उस्मानचा मुलगा आहे, असं लिहून तो फोटो त्यांच्या लोकांत पाठवला. एस.टी.त परत येताना तिनं सांगितलेलं एकच मिस्त्री पुन्हा पुन्हा बोलत होता. त्यांच्या राजधानीत दोन नद्या मिळतात म्हणे, एक पांढरट आणि एक निळसर, लांबपर्यंत पाणी वेगळं दिसतं. “म्हंजे आपलं नरसिंहपूरच की चाचा,” तो म्हणाला. “भीमा अन् नीरा.”

उत्तर यायला थंडी संपली. कैरोहून एका बाईनं लिहिलं होतं: हा आमच्या मेलेल्या काकांचा फोटो तुम्हाला कुठं मिळाला?

ती त्याची बहीण निघाली. सावत्र म्हणतात तसली, पण मिस्त्री कधी सावत्र म्हणाला नाही. तिकडे लढाई पेटली तेव्हा घरदार सोडून ती म्हाताऱ्या बापाला घेऊन इजिप्तमध्ये जाऊन राहिली होती. बाप जिवंत होता. चालता येत नव्हतं, ऐकू कमी यायचं, पण जिवंत होता.

फोन माझ्या दुकानात लागला. मिस्त्रीच्या दुकानात गिऱ्हाईकं असतात, माझ्याकडे कोण येतंय! एका नव्या गादीवर आम्ही दोघं बसलो, कोंढव्याची पोरगी दुसरीकडून बोलणं समजावून सांगायला जोडलेली. पडद्यावर एक म्हातारा आला. मिस्त्री पुढं तीस वर्षांनी जसा दिसेल तसा. तीच मान जराशी वाकलेली. दोघं नुसते बघत बसले. पोरगी म्हणत होती, बोला, बोला. कुणी बोलेना. मग म्हाताऱ्यानं ओठ हलवले, आठवून आठवून जुळवल्यासारखे, आणि मराठीत विचारलं, “जेवलास का?”

मिस्त्रीनं फोन माझ्या हातात दिला आणि तोंड कापसात खुपसून रडला. एवढा धिप्पाड माणूस, गादी हलत होती.

नंतर म्हाताऱ्यानं सांगितलं ते त्या पोरीनं आम्हाला सांगितलं. तो बारामतीला आला होता. टोपीवाला एक माणूस भेटला, त्यानं आधी उसाचा रस पाजला, दोन ग्लास, आणि मग सांगितलं की तिचं लग्न झालंय. गाडी सुटेपर्यंत तो माणूस खिडकीशी उभा होता. “चांगला माणूस होता,” म्हातारा म्हणाला, “पण त्याच्या डोळ्यांत पाणी का होतं ते मला कळलं नाही.” काय माणसं आहोत आपण, बघा. हाकलताना सुद्धा पाहुणचार चुकवला नाही.

मिस्त्रीनं मग माझी ओळख करून दिली. हे चाचा, तुमच्या नावानं दरसाल जेवत होते. हे त्या पोरीला समजावायला आणि तिला म्हाताऱ्याला समजावायला फार वेळ लागला. समजलं तेव्हा तो खोकेपर्यंत हसला. आपल्याकडे म्हणतात, मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं. मी ते त्याला कळवलं. त्यावर त्यानं एवढंच विचारलं, भजी असायची का? मी म्हणालो, असायची, कांद्याची न्हाय, पण असायची.

त्या दिवसापासून मिस्त्रीला एकच ध्यास लागला. म्हाताऱ्याला एकदा समोर बघायचं. पायाला हात लावायचा. फोनच्या काचेवर बोट ठेवून तो म्हणायचा, “चाचा, ही काच मधी येती.” म्हाताऱ्याला तर हलवता येत नव्हतं, म्हणजे जायचं ह्यालाच. पण पासपोर्ट निघेना. कागदोपत्री त्याच्या बापाच्या जागी मामाचं नाव लागलेलं, शाळेपासून. ते बदलायला आधी हे आणा, हे आणायला आधी ते आणा. तहसील कचेरी, पुणे, पुन्हा तहसील. मी त्याच्याबरोबर जायचो, गुडघे दुखायचे, बाकावर बसून राहायचो. खिडकीतला माणूस विचारायचा, मूळ गाव? मिस्त्री माझ्याकडे बघायचा. शेवटी मामाच आले, काठी टेकत, आणि साहेबासमोर उभे राहून म्हणाले, “मी ह्याचा बाप न्हाय. लिहून घ्या.” ते वाक्य म्हणताना त्यांचं काय झालं असेल ते मी सांगू शकत नाही. मिस्त्री त्या दिवशी त्यांना मोटारसायकलवर कोऱ्हाळ्याला सोडून आला. दोघं काही बोलले का, मी विचारलं नाही.

त्या वर्षी सर्वपित्री आली. चाचीनं सदरा इस्त्री करून ठेवला होता. दुपार झाली, कुणी बोलवायला आलं नाही. येणार कसं? बाप जिवंत! मला आनंदच व्हायला पाहिजे होता, आणि झालाही. पण मी जेवायला बसेना तेव्हा चाची म्हणाली, “वाट कुणाची बघताय? तुमचं बापपण गेलं.” मी तिच्यावर उगाच ओरडलो. मग भाकरी खाल्ली.

संध्याकाळी मिस्त्री डब्यात भजी घेऊन आला. “बाबांनी सांगितलंय, चाचाला भजी द्या म्हनून.”

पुढलं वर्ष असंच कागदांत गेलं. अंगठे, सह्या, फेऱ्या. म्हातारा फोनवर बारीक होत चालला होता. शेवटी शेवटी तो फक्त “जेवलास का” एवढंच म्हणायचा, आणि मिस्त्री “जेवलो” म्हणायचा, आणि काही वेळ दोघं तसेच बसायचे. मिस्त्रीनं दाढी वाढवली, वजन घटलं. मोटारी साचायला लागल्या, शेतकरी शिव्या घालायला लागले. मी त्यांना माझ्या दारातून उलट शिव्या घालायचो.

पितृपंधरवड्यात एक दिवस वॉर्निशचा वास आला नाही. मी बाहेर येऊन बघतो तर तो माझ्याच दारात उभा. मान वाकवलेली.

“चाचा, अमावस्येला जेवायला यायचं.”

मला विचारायची गरज नव्हती. त्यालाही सांगायची नव्हती. मी उठलो आणि त्याला धरला. माझं डोकं त्याच्या छातीपर्यंत पोचतं, तरी मीच त्याला धरला होता. तो म्हणाला, “भनीनं फोन धरला होता. मला दिसत होतं सगळं. हात लावता न्हाय आला.”

मयत ताजं असलं की त्या वर्षी म्हाळ घालत नाहीत म्हणे, पण ह्याचे आधीच किती घालून झाले होते! पाट, रांगोळी, केळीचं पान. खीर, कढी, वडे. भजी त्यानं दुप्पट केली होती. कुपीतलं अत्तर तळाला गेलेलं, त्यानं ती उलटी करून धरली तेव्हा मनगटाला थेंब लागला. ह्या वेळी तो नुसता बाबा म्हणाला नाही. तीन पिढ्यांची नावं घेतली, बहिणीकडून पाठ करून घेतलेली: “उस्मान. त्येंचे वडील इद्रिस. त्येंचे वडील हामिद.” त्याच्या कोऱ्हाळ्याच्या तोंडात ती नावं जड जात होती, तरी त्यानं एकही गाळलं नाही.

मी घास घेणार, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले आबा उठले. काठी तिथंच राहिली. माझ्या पानासमोर येऊन खाली बसले आणि हात जोडले. माझ्याकडे बघत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

“दाजी,” आबा म्हणाले, “मला माफी करा. तुमी आला होता. म्या तुमाला दारापतूर येऊ दिलं न्हाय.”

मी कोण? मी पिंजारी, शेजारचा. ज्यानं द्यायची तो परमुलखात मातीखाली गेला होता, आणि हा म्हातारा माझ्यासमोर हात जोडून बसलाय. मी मिस्त्रीकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली नाही. मग मी पानातलं एक भजं उचललं आणि आबांच्या हातावर ठेवलं. पितराच्या पानातलं कुणाला देतात की नाही मला ठाऊक नाही. आबांनी ते मुठीत धरून ठेवलं. ते खाईनात.

“खावा मामा,” मिस्त्री म्हणाला. मग माझ्याकडे वळून, पानात खीर वाढत म्हणाला, “अन् तुमी पोटभर जेवा चाचा. आता खरं पोचतंय.”

मी जेवलो. पानात शीत ठेवलं नाही. कावळा आला का, ते कुणी बघितलं नाही.

पासपोर्ट आला दिवाळीनंतर. कशाला आला, असं मला वाटलं. पण बहिणीनं निरोप धाडला, ये, मातीला हात लावून जा, आम्हाला बघून जा. तो कैरोला निघाला तेव्हा रिकामी कुपी पिशवीत टाकली आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे दिली. पंधरवड्यात येतो म्हणाला. त्याला बरेच पंधरवडे झाले. फोन येतो, तिकडे भाच्यांना मराठी शिकवतोय म्हणतो, मला आणि बायको-पोरीला येतो येतो म्हणतो. माझ्या कापसाला आता कसलाच वास येत नाही.

परवा एक शेतकरी जळालेली मोटार टेम्पोत घालून आला. बंद शटरकडे बघून मला विचारलं, “भाई, मिस्त्री कुठं गेलं?”

“गावाला गेलाय.”

“कोऱ्हाळ्याला?”

“न्हाय. वडलांच्या गावाला.”

तो हसला. “त्याला कुठलं आलंय वडलांचं गाव?”

मला असा राग आला म्हणता! म्हणालो, “का? तुला हाय, मला हाय, मग त्याला का नसावं?” तो टेम्पोकडे बघून म्हणाला, “मग मोटारीचं काय करू?”

“ठेव हितं,” मी म्हणालो. “येतोय तो.”

त्यानं मोटार माझ्या दारात उतरवली. अजून तिथंच आहे.